पॅनेलमधला नॉइज आणि अडकलेले साडेतीन लाख

भोसरीचे एक पॅनेल बिल्डर लिहितात: चाकणच्या एका कारखान्याला तीन ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारी उपकरणं) आणि पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक) असलेलं कंट्रोल पॅनेल दिलं, 11 लाख 80 हजारांचं. कमिशनिंग रिपोर्टवर (यंत्र चालू करून दिल्याच्या अहवालावर) सही झाली. अडीच महिन्यांनी तक्रार आली, की ड्राइव्हने वेग घेतला की लोडसेलवरचं (वजन मोजणाऱ्या सेन्सरवरचं) वजन नाचतं. 3 लाख 54 हजार अडवलेत, वर उत्पादनाच्या नुकसानीची नोटीस. मोटरच्या केबल त्यांच्याच कंत्राटदाराने ओढल्या होत्या. पैसे येईपर्यंत पीएलसीला रिमोटने लॉक टाकू का?

लॉकचा विचार आधी डोक्यातून काढा. पॅनेल आता त्यांचं आहे. परवानगीशिवाय रिमोटने यंत्र बंद पाडलंत तर माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 ची कलमं 43 आणि 66 तुमच्यावर लागू शकतात. कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आज तुम्ही येणेकरी आहात, उद्या आरोपी व्हाल.

तुम्ही पाठवलेले फोटो मी नीट पाहिले. बाहेरच्या केबल ट्रेमध्ये मोटरची बिनशील्डची (विद्युत अडथळा रोखणारं धातूचं आवरण नसलेली) केबल आणि लोडसेलची बारीक केबल एकमेकींना चिकटून गेल्या आहेत. ते काम त्यांचं. पण दुसऱ्या फोटोत, पॅनेलच्या आत, लोडसेलच्या केबलची शील्ड सोलून, पीळ देऊन, वीतभर वायरने अर्थ बारला (अर्थिंगच्या पट्टीला) नेलेली दिसते, आणि ड्राइव्हखालची प्लेट रंगवलेली आहे. ते काम तुमचं. त्यांचा तज्ज्ञ पहिलं बोट तिथेच ठेवेल: शील्ड चहूबाजूंनी क्लँपखाली दाबलेली हवी, प्लेट उघड्या धातूची हवी. ड्राइव्हचं मॅन्युअल उघडून तो पानच पुढे करेल. माल विक्री कायदा, 1930 चं कलम 16 सांगतं, की खरेदीदाराने वापर सांगितला आणि तुमच्या कौशल्यावर विसंबून माल घेतला, तर तो त्या कामाला योग्य असायला हवा. तुमच्या पीओत (खरेदी ऑर्डरमध्ये) वजन करणारं मशीन लिहिलेलंच आहे.

म्हणून सगळं अवलंबून आहे नॉइज, म्हणजे वजन नाचवणारा हा विद्युत अडथळा, कुठून येतो यावर, आणि त्याचा पुरावा त्या ट्रेमध्ये पडून आहे. उद्या त्यांचा माणूस केबल वेगळ्या करेल, वजन स्थिर होईल, आणि ट्रेची आधीची अवस्था कुणाला दाखवणार? आजच ई-मेल करा: संयुक्त पाहणी होईपर्यंत कुणीही वायरला हात लावू नये. पाहणीत आधी लोडसेलची केबल तात्पुरती ट्रेबाहेर, जमिनीवरून लांबून न्या आणि ड्राइव्ह त्याच वेगाने चालवा. मग ती जागेवर आणून आतली शील्ड क्लँपखाली घ्या, पुन्हा चालवा. प्रत्येक वेळचं रीडिंग लिहून दोघांच्या सह्या घ्या. व्हिडिओ काढलात तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल, तेव्हा मोबाइल जपून ठेवा. क्लँप आणि प्लेटचं काम स्वखर्चाने, ‘हक्क अबाधित ठेवून’, करून देण्याची तयारी त्याच ई-मेलमध्ये दाखवा. कोर्टात आणि व्यवहारातही त्याचं वजन पडतं.

पैशांचं बघू. तुमची उद्यम नोंदणी पीओच्या आधीची आहे, हे फार चांगलं झालं. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा, 2006 नुसार माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर डिलिव्हरीचा दिवसच स्वीकृतीचा धरला जातो. ते कमिशनिंगपासून मोजा म्हणतील. तरी अडीच महिने उशीरच. पैशांसाठी करारातही 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. कलम 18 खाली सुविधा परिषदेकडे (अशा थकीत पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे) अर्ज करता येईल. मात्र हरकत उशिरा आली म्हणून दोषाबद्दलचा त्यांचा दावा मरत नाही. तो ते परिषदेपुढेही मांडू शकतात.

उत्पादनाच्या नुकसानीला घाबरू नका. करार कायद्याचं कलम 73 दूरचं, अप्रत्यक्ष नुकसान देत नाही, आणि नुकसान टाळायचे उपाय हाताशी होते का तेही पाहतं. दोन केबल वेगळ्या करायला अडीच महिने लागत नाहीत.

नोटिशीला स्वतः उत्तर देऊ नका. कोटेशनचं अटींचं पान शोधा: केबल ओढण्याचं काम कुणाच्या स्कोपमध्ये लिहिलंय, ते आधी मला पाठवा.