घरी शिकून बारावी झालेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयासाठी शिष्यवृत्ती कुठे मिळेल?

आपण यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून विचारले आहे की, शाळेत न जाता घरी अभ्यास करून राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून (एनआयओएस) बारावी उत्तीर्ण झालो, आता व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती कुठे शोधावी. घरी शिकलेल्यांसाठी वेगळी योजना शोधण्यात एक दिवसही घालवू नका. महाडीबीटीवर, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती अर्जांच्या संकेतस्थळावर, बारावीचे मंडळ, प्रवेशाची पद्धत, प्रवर्ग आणि घरचे उत्पन्न पाहिले जाते. अभ्यास शाळेच्या बाकावर केला की घरच्या ओसरीवर, याने फरक पडत नाही.

आम्ही वर्धा जिल्ह्यातले. गावातील जिल्हा परिषदेची शाळा पाचवीपर्यंतच, आणि पुढची शाळा नऊ किलोमीटरवर, जिथून सायंकाळची एसटी बहुधा अंधार पडल्यावरच परते. मी डी.एड. झालेली असल्याने मुलीला सहावीपासून घरी शिकवले. माझे भासरे त्या वेळी साऱ्या घरादारासमोर म्हणाले होते, "शाळेचा दाखला नसला, तर पुढे सरकार हिला एक पैसा देणार नाही." तिने मुक्त विद्यालयातून दहावी व बारावी केली आणि २०२४ मध्ये तिला सामाईक प्रवेश प्रक्रियेतून कृषी पदवीला प्रवेश मिळाला. पण शिष्यवृत्तीचा अर्ज महाविद्यालयातून त्रुटी दाखवून परत आला, कारण शाळा सोडल्याचा दाखला जोडलेला नव्हता. त्या रात्री मला भासऱ्यांचेच शब्द ऐकू येत होते. दुसऱ्या दिवशी मी लोखंडी पेटी उपसली, तेव्हा गुणपत्रिकेसोबत आलेला, मी कधी नीट न वाचलेला एक कागद खाकी पाकिटात सापडला. ते मुक्त विद्यालयाचेच प्रमाणपत्र होते, स्थलांतराचे (मायग्रेशन) आणि शाळा बदलल्याचे (ट्रान्सफर) एकत्र. खिडकीवरच्या लिपिकाने आधी "हे चालत नाही" असे सांगितले; मुलीने त्यावरील एकेका ओळीवर बोट ठेवून ती त्यांना वाचून दाखवली, मग ते आत गेले आणि वीस मिनिटांनी बाहेर येऊन त्यांनी अर्ज पुन्हा भरायला सांगितला. अर्ज मंजूर झाला.

म्हणून तो कागद आजच शोधून ठेवा. सेतू केंद्रातून उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला काढा, प्रवर्ग लागू असल्यास जात वैधता प्रमाणपत्राच्या मागे आत्तापासूनच लागा आणि मध्ये वर्ष गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र करून घ्या. प्रवेश सामाईक प्रक्रियेतूनच घ्या, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. खुल्या प्रवर्गात असाल, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना निम्मे शिक्षण शुल्क मिळते. आई-वडील अल्पभूधारक असतील, तर पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अवश्य पाहा. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या माणसाच्या नावाचा तो आधार कास्तकाराच्या लेकरांनीच घ्यायचा आहे. माझ्या मुलीला जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्ण शिक्षण शुल्क माफ झाले, पण ती सवलत आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींसाठी आहे. आपण मुलगा असाल तर तिचा आधार धरू नका.

घरी शिकवले म्हणून मुलीचे नुकसान झाले, असे म्हणणाऱ्यांना मी आता ती मंजुरी दाखवते. एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागेल. आठवीत होणारी आर्थिक दुर्बल घटकांच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा शासकीय, अनुदानित व स्थानिक संस्थांच्या शाळेत शिकणाऱ्यांनाच देता येते. तिची वर्षाला १२,००० रुपयांप्रमाणे नववी ते बारावीची रक्कम ४८,००० रुपये होते. गणितात इतकी चांगली असूनही माझ्या मुलीला त्या परीक्षेला बसता आले नाही. भासऱ्यांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे होते, आणि मी ते त्यांना सांगितलेही आहे.