चंदिगडला खुर्च्या बघायला जायचं का?

प्रश्न : लेकीला चंदिगडच्या पंजाब युनिव्हर्सिटीत एम.ए.ला ॲडमिशन मिळालीय. आम्ही दोघं तिला सोडायला जाणार आहोत, नंतर एक दिवस मोकळा आहे. भाचा म्हणतो तिथल्या जुन्या खुर्च्या फॉरेनला लाखोंना जातात आणि बिल्डिंगपण बघण्यासारख्या आहेत. खरंच का, की आपलं रॉक गार्डन बघून परत यावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : भाच्याचं बरोबर आहे हो! रॉक गार्डन दुपारी करा, सकाळ सेक्टर १४ च्या कॅम्पसला द्या.

चंदिगड म्हटलं की सगळे शहराची आखणी करणाऱ्या फ्रेंच-स्विस आर्किटेक्ट ले कॉर्बुझिएचं नाव घेतात, पण तो यायचा आणि जायचा, तिथे राहून रोजचं काम रेटलं ते त्याच्या चुलतभावानं, पिएर जानरेनं, १९५१ पासून १९६५ पर्यंत. युनिव्हर्सिटीवर छाप त्याची आणि त्याच्यासोबतच्या बी. पी. माथुर यांची. आधी गांधी भवन बघा, साठच्या दशकातलं, पाण्याच्या तळ्यात उभं, लांबून कमळासारखं दिसतं. पाणी भरलेलं असलं तर पूर्ण फेरी मारा, प्रत्येक बाजूनं वेगळंच दिसतं. मग माथुरांचं गोल स्टुडंट सेंटर, पोरं त्याला 'स्टु-सी' म्हणतात, लेक चार दिवसांत तेच म्हणायला लागेल. तिथे चहा घ्या.

आता खुर्च्या. शहर नवीन, ऑफिसं, कोर्ट, कॉलेजं सगळीकडे एकदम फर्निचर लागणार, म्हणून जानरे आणि त्याच्या टीमनं (त्यात युली चौधरी होत्या, त्यांचं नाव कोणी घेत नाही) साध्या डिझाइन केल्या आणि त्या तिथल्याच सुतारांनी बनवल्या. सागवान, वेताची सीट, आणि बाजूनं बघितलं तर पाय कंपासासारखे फाकलेले. वेगवेगळ्या वर्कशॉपमध्ये हातानं केल्यामुळे दोन खुर्च्या तंतोतंत सारख्या नसतात. कुठे दिसली तर मागे वाकून बघा, बऱ्याच खुर्च्यांवर पांढऱ्या रंगात खात्याची अक्षरं आणि नंबर असतो, साधा सरकारी माल! तोच नंबर आता परदेशात अस्सलपणाचा पुरावा म्हणून दाखवतात.

झालं असं की वेत फाटला, पाय डुगडुगला की ऑफिसवाले त्या भंगारात काढायचे, लिलावात किरकोळ भावानं जायच्या, मग परदेशी डीलरांनी त्या उचलल्या, पॉलिश केल्या आणि पॅरिस-न्यूयॉर्कला विकल्या. २०११ मध्ये गृहमंत्रालयानं हे हेरिटेज फर्निचर विकायला बंदी घातली. पण बाहेर गेलेला माल अडवणं अवघड, कारण पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात फर्निचर शंभर वर्षं जुनं असावं लागतं आणि या खुर्च्या जेमतेम साठ-सत्तर वर्षांच्या. माझ्या मते त्या लाखोंच्या आकड्यापेक्षा कोणीतरी रोज बसतंय अशी खुर्ची बघण्यात जास्त मजा आहे. बसायला मिळालं तर बसा, पाठीचा कल किती आरामशीर आहे ते फोटोत कळत नाही.

वर्गात किंवा लायब्ररीत मात्र विचारल्याशिवाय शिरू नका, लेकीचं आयकार्ड झालं असेल तर तिला पुढे घाला. वेळ उरला तर सेक्टर ५ मधलं जानरेचं राहतं घर आता म्युझियम आहे, तेही करा. आणि ऑनलाइन 'चंदिगड चेअर' म्हणून जे मिळतं ती बहुतेक नक्कल असते, आवडली तर खुशाल घ्या, फक्त अस्सलच्या भावात घेऊ नका.