आजोबांची राजदूत, कसालचा तिठा आणि भलत्याच नंबरचं इंजिन

मालवण तालुक्यातल्या एका तरुणाचं पत्र आलंय, आधी त्यांची अडचण थोडक्यात सांगतो. आजोबांची १९७४ सालची राजदूत, आरसी बुक अजून आजोबांच्याच नावावर, नूतनीकरणाचा शेवटचा शिक्का २००९ पर्यंतचा. आजोबा २०१३ ला गेले, आजी त्याआधीच. गाडी मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, गवताच्या भाऱ्यांमागे पडून होती, यांनी दीड वर्ष खपून आणि पन्नासेक हजार घालून ती चालू केली आणि आता रोज कामाला कुडाळला तिच्यावरून जायचंय. मागच्या महिन्यात कसालच्या तिठ्यावर हवालदाराने अडवलं, मशीनमधे नंबर टाकला तर गाडी दिसेचना, शेवटी फोटो काढून "कागद करून घे रे" म्हणून सोडलं. डोंबिवलीचे काका म्हणतात गाडी सामायिक आहे, मी सही देणार नाही. एजंट म्हणतो व्हिंटेजमधे टाकू, एकदाच काय ते पैसे भर. वडील म्हणतात काय करायचं ते करा पण गाडी इकूची नाय. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता, "मेकॅनिकने इंजिनचा खोका भंगारातल्या दुसऱ्या राजदूतचा बसवलाय, चालेल ना?"

तर मित्रा, नाही चालणार, आणि खरं सांगायचं तर तुमच्या सगळ्या पत्रात मला घाबरवणारी गोष्ट ती एकच आहे. बाकी सगळं दंड, फी, हेलपाटे यांनी सुटतं.

इंजिन नंबर पंच केलेला असतो क्रँककेसवर, म्हणजे तुम्ही ज्याला खोका म्हणताय त्याच्यावर. पिस्टन बदला, रिबोअर करा, कनेक्टिंग रॉड नवा टाका, क्लच प्लेटा, कार्ब्युरेटर, काय वाटेल ते करा, कायद्याला त्याचं काही नाही. पण खोका बदलला की कायद्याच्या भाषेत इंजिनच बदललं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती आणि कंपनीने दिलेली मूळ गाडी यात फरक पडेल असा बदल करायचा नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मधे केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलंय. कलम १८२अ खाली मालकाला अशा प्रत्येक बदलामागे ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. आणि समजा तो भंगारातला खोका कधीकाळी चोरीला गेलेल्या गाडीचा निघाला तर? मग प्रश्न आरटीओचा राहत नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ चा होतो, चोरीचा माल जवळ बाळगण्याचा. तुम्हाला माहीत नव्हतं हे खरं असेलही, पण ते पोलीस स्टेशनात बसून सांगत बसायचं ना.

म्हणून उद्याच्या उद्या मेकॅनिककडे जा आणि जुना खोका अजून त्याच्याकडे आहे का बघा. बहुतेक असतो, हे लोक ॲल्युमिनियम पटकन विकत नाहीत, दुकानामागे ढीग असतो त्यात हात घाला. फुटला असेल तर ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करणारे चांगले लोक कोल्हापुरात आहेत, होतं काम. काही झालं तरी दुसऱ्या खोक्यावरचा नंबर घासून आपला नंबर ठोकायचा नाही, मेकॅनिक सांगेल "सगळे करतात साहेब", करू देत. मूळ खोका गेलाच असेल तर दुसऱ्या इंजिनचं बिल, ते ज्या गाडीचं आहे तिच्या आरसीची प्रत आणि विकणाऱ्याचं लेखी घेऊन आधी आरटीओची परवानगी मागायची, तोपर्यंत गाडी जाग्यावर.

चेसिस नंबरचंही लगेच बघून घ्या कारण तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात फ्रेम पावडर कोटिंगला देणार. आपल्याकडची खारी हवा, त्यात वीस वर्षं मांगर, नंबरवर गंज चढलेला असणारच. ग्राइंडर लावू नका! रॉकेलमधे भिजवलेलं फडकं रात्रभर बांधून ठेवा, सकाळी पितळी ब्रशने हलक्या हाताने घासा, मग पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी फिरवा, लहानपणी नाण्यावर फिरवायचो तशी. आकडे कागदावर उमटले की समजा निम्मी केस जिंकलात, आरटीओतही तसाच पेन्सिल प्रिंट लागतो. कोटिंगवाल्याला द्यायच्या आधी त्या जागेवर टेप मारा, तो विसरेल, तुम्ही स्वतः मारा. माझ्याकडे एक अशील आला होता, गाडी आरशासारखी चमकत होती आणि चेसिस नंबरच्या जागी गुळगुळीत रंग, त्याला ते पटवून देताना माझी दोन वर्षं गेली.

आता एजंटचं व्हिंटेज. जुलै २०२१ मधे केंद्राने जुन्या गाड्यांच्या वेगळ्या नोंदणीचे हे नियम आणले, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी आणि चारचाकी त्यात बसते, म्हणजे तुमची बसते, खोटं नाही. नवीन नोंदणीची फी २०,०००, दहा वर्षं चालते, व्हीए असा वेगळा नंबर मिळतो. पण एजंटने पुढचं सांगितलं नाही की अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. तुम्हाला रोज कुडाळला जायचंय, मग वीस हजार भरून स्वतःच्या पायावर धोंडा कशाला? साधी नोंदणीच चालू करून घ्यायची. आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या बंद हे जे तुम्ही मोबाईलवर वाचलंत ते दिल्ली आणि आसपासचं आहे, सिंधुदुर्गाला लागू नाही.

काकांचा विषय जरा नाजूक आहे. आजोबांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे वारस म्हणजे तुमचे वडील, काका आणि दोन्ही आत्या, सगळ्यांचा सारखा हिस्सा. आत्यांचा तुमच्या पत्रात उल्लेख फक्त "आत्या लग्न होऊन गेल्यात" एवढाच आहे, पण त्यांचाही हक्क काकांइतकाच आहे आणि त्यांचीही ना हरकत लागणार. आणि तुम्ही? वडील हयात आहेत म्हणजे तुम्ही आज वारसच नाही. त्यामुळे थेट तुमच्या नावावर करायचा हट्ट सोडा. वडिलांच्या नावावर करा, फॉर्म ३१, सोबत मृत्यू दाखला, वारसांबाबत प्रतिज्ञापत्र, बाकीच्यांची ना हरकत, मूळ आरसी बुक. नियम म्हणतो मालक गेल्यावर ३० दिवसांत कळवा आणि तीन महिन्यांत अर्ज करा, तुम्हाला बारा वर्षं होऊन गेली, असू दे, दंड भरून होतं. वडिलांच्या नावावरची गाडी तुम्ही तुमच्या लायसन्सवर खुशाल चालवा. पुढे कधी तुमच्या नावावर हवीच असेल तर वडिलांकडून फॉर्म २९ आणि ३० वर करून घेता येईल.

काका सही देत नाहीत म्हणून कोर्टात जायचं का? मार्ग आहे, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारसा प्रमाणपत्र मिळतं दिवाणी कोर्टातून, पण त्याचा खर्च आणि वेळ बघता राजदूतसाठी मी तरी सुचवणार नाही. काकांना गाडी नकोय हो, त्यांना विचारलं नाही याचा राग आहे. गणपतीला येतील ना? आरती झाल्यावर किल्ली त्यांच्या हातात द्या, एक फेरी मारून येऊ द्या, आणि कागदावर लिहून द्या की ही ना हरकत फक्त गाडीपुरती आहे, घर आणि जमिनीच्या वाटणीशी तिचा संबंध नाही. चाकरमान्यांची खरी भीती तीच असते, की आज गाडीवर सही घेतील आणि उद्या सातबाऱ्यावर दाखवतील. ते वाक्य प्रतिज्ञापत्रात घातलं की नव्वद टक्के काका मऊ होतात, अनुभवाने सांगतो. आत्याही तेव्हाच घरी असतील, एकाच दिवशी नोटरी उरका.

मशीनमधे गाडी दिसत नाही याचं कारण साधं आहे. १९७४ ला सिंधुदुर्ग जिल्हाच नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला, तुमची नोंद रत्नागिरीच्या कागदी रजिस्टरात असणार आणि ती कम्प्युटरवर चढलेलीच नाही. शेवटचा शिक्का कुठल्या कार्यालयाचा आहे ते बघा, तिथे जाऊन रजिस्टरचा उतारा मागा आणि बॅकलॉग एन्ट्रीसाठी, म्हणजे जुनी नोंद कम्प्युटरवर चढवण्यासाठी अर्ज द्या, पोच घ्या. हे झाल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही, ऑनलाइन फॉर्मसुद्धा उघडणार नाही.

मग फॉर्म २५ वर नूतनीकरण, पाच वर्षांसाठी. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांवरच्या मोटरसायकलला फी २००० आहे, वर पर्यावरण कर. पण खरा दणका उशिराच्या फीचा, महिन्याला ३००, म्हणजे वर्षाचे ३६००, आणि तुमची मुदत २००९ ला संपलीय. ही जादा फी डिसेंबर २०१६ च्या अधिसूचनेने आली, तेव्हा हिशोब लेखी मागा आणि त्याआधीचे महिने धरले असतील तर लेखी हरकत घ्या. क्रोमला आणि सीटला पैसे घालायच्या आधी हा आकडा हातात असू द्या.

तपासणीला गाडी ओरोसच्या आरटीओत नेताना चालवत नेऊ नका, छोटा हत्ती टेम्पोत घालून न्या. मुदत संपलेल्या नोंदणीवर कलम १९२ खाली पहिल्यांदा २००० ते ५००० दंड आहे, विमा नसेल तर आणखी २०००, आणि हे परवडलं, पण कुणाला धक्का लागला तर भरपाई घरातून जाते. राजदूत १७३ सीसीची, म्हणजे १५० ते ३५० च्या गटात, २०२२ च्या दराने थर्ड पार्टी विमा १३६६ अधिक जीएसटी. त्या रकमेसाठी कुणी घर पणाला लावतं का?

पीयूसीचं घाबरू नका. टू स्ट्रोक असली तरी मार्च २००० च्या आधीच्या दुचाकीला मर्यादा सैल आहे, कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएम. सायलेन्सरची आतली नळी काढून जाळून साफ करा, पेट्रोलमधे ऑइल हात सैल सोडून ओतू नका, इंजिन चांगलं तापलं की मगच टेस्ट. आवाजाचा सायलेन्सर मात्र लावू नका, त्याला दहा हजारांपर्यंत दंड आहे. सहा व्होल्टचं बारा व्होल्ट केलंत ते माझ्या मते ठीक, गाडीचं मूळ स्वरूप त्याने बदलत नाही. रंग लाल होता तो काळा करणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्या. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी म्हणून नवी हाय सिक्युरिटी प्लेटही लागेल, आजोबांच्या हाताने रंगवलेली जुनी पाटी काढून घरात भिंतीवर लावा.

खोका सापडला की पेन्सिल प्रिंट आणि आरसी बुकाच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवा, दोन्ही नंबर जुळतायत का ते मी बघतो, तोवर पावडर कोटिंगवाल्याला थांबवा.