डिस्प्लेवर कॅमेरा येत नाही? आधी खातं कोणाच्या नावावर आहे ते बघा

इको शो (ॲमेझॉनचा) आणि नेस्ट हब (गूगलचा) हे बोलून चालवायचे स्मार्ट डिस्प्ले घराघरांत आले तसा माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत यायला लागला आहे: कॅमेरा मोबाइलवर दिसतो, मग बोलल्यावर डिस्प्लेवर का येत नाही? फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगत बसण्यापेक्षा निवडक प्रश्नांना इथेच उत्तरं देतो. मॉडेल नंबर न बघता दिलेलं कुठलंही उत्तर अर्धंच असतं, तेवढं धरून वाचा.

प्रश्न : घरी डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) आणि चार कॅमेरे आहेत. मोबाइलवर चारही स्वच्छ दिसतात. इको शोला सांगितलं की नुसतं गोल फिरत राहतं आणि शेवटी कॅमेरा प्रतिसाद देत नाही असं सांगतो. (इंदिरानगर)

उत्तर : मोबाइलवर दिसतं म्हणजे डिस्प्लेवर दिसणारच, हा समज आधी सोडा. मोबाइलमध्ये कॅमेरा कंपनीचं स्वतःचं ॲप असतं. डिस्प्लेमध्ये ते नसतं. इको शोमधली बोलणारी मदतनीस ॲलेक्सा त्या कंपनीच्या ‘स्किल’मार्फत (ॲलेक्साला जोडण्याची कंपनीची सोय) कंपनीच्या सर्व्हरकडे चित्र मागते, आणि ते तिला चालेल अशाच स्वरूपात यावं लागतं.

तुमचं घोडं बहुतेक एच.२६५ या कॉम्प्रेशनवर, म्हणजे चित्र कमी जागेत दाबून बसवण्याच्या पद्धतीवर, अडलं आहे. हार्ड डिस्कवर जागा वाचावी म्हणून डीव्हीआर बसवतानाच हे कॉम्प्रेशन चालू केलेलं असतं. ॲलेक्साला एच.२६४ लागतं. डीव्हीआरच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये जाऊन सब-स्ट्रीम (मोबाइलसाठीचं हलकं चित्र) एच.२६४ वर आणा. मेन स्ट्रीमला (रेकॉर्ड होणारं पूर्ण दर्जाचं चित्र) उगाच हात लावू नका, कारण तेवढ्याच दर्जाच्या चित्राला मग जवळपास दुप्पट जागा लागते आणि पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग आठवड्यावर येतं. काही कंपन्यांचं स्किल मात्र मेन स्ट्रीमच उचलतं. तसं असेल तर फक्त दाराच्या कॅमेऱ्यापुरतं बदला.

दुसरं कारण एन्क्रिप्शन, म्हणजे चित्र कुलूपबंद करणं. काही ॲपमध्ये चित्र एन्क्रिप्ट करण्याची सोय असते आणि ती चालू असेपर्यंत डिस्प्लेवर चित्र येत नाही. कंपन्या सरळ ‘बंद करा’ असं सांगून मोकळ्या होतात. मी म्हणेन, दाराच्या कॅमेऱ्याचं बंद करा, घरातल्या कॅमेऱ्याचं नको. एवढं करूनही चित्र आलं नाही, तर ॲलेक्सा ॲपमधून कॅमेरा काढून टाका आणि पुन्हा शोधायला लावा. तरीही नाहीच आलं, तर मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या मदत केंद्राशी बोला.

प्रश्न : ॲलेक्साला मराठीत ‘दार दाखव’ म्हटलं तर कळेल का? (कॉलेज रोड)

उत्तर : नाही. इंग्रजी किंवा हिंदी. आणि कॅमेऱ्याला ‘परसदार’ किंवा ‘ओटा’ असं नाव देऊ नका, ‘गेट’ ठेवा. मराठीचा अभिमान आपण दुसरीकडे दाखवू.

प्रश्न : कॅमेरा २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर आहे आणि डिस्प्ले ५ वर. त्यामुळे अडत असेल का? (जेल रोड)

उत्तर : नाही. राउटर एकच असेल तर चालतं. स्वस्तातले बहुतेक कॅमेरे ५ वर चालतच नाहीत.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, तुमचे जुने केबलचे कॅमेरे ॲलेक्साला चालणार नाहीत, सगळा सेट बदला. शिवाय नव्या सरकारी नियमामुळे जुने कॅमेरे आता बेकायदा झाले आहेत. खरं आहे का? (सातपूर)

उत्तर : पहिलं अर्धं खरं, दुसरं साफ खोटं.

नियम असा आहे. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या सुरक्षाचाचणीची अट केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये काढली आणि ती ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. ती कॅमेरे बनवणाऱ्यांना, आयात करणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना आहे. तुमच्या भिंतीवर आधीपासून असलेला कॅमेरा त्यामुळे बेकायदा होत नाही. उलट नवा माल विकताना तो या चाचणीतून गेला आहे का, याचं उत्तर दुकानदाराने तुम्हाला द्यायचं आहे. विचारा त्याला. बिलावर मॉडेल नंबर लिहून द्यायला तो कां कूं करू लागला, की समजा.

आता केबलचे कॅमेरे. कोॲक्सियल केबलवरच्या कॅमेऱ्याला स्वतःचं इंटरनेट नसतं हे खरं, पण ते डीव्हीआरला असतं. डीव्हीआरच्या कंपनीचं स्किल भारतातल्या ॲलेक्सा ॲपमध्ये मिळत असेल तर जुनेच कॅमेरे डिस्प्लेवर येऊ शकतात. ‘भारतातल्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. परदेशातल्या मुलाने पाठवलेला डिस्प्ले तिथल्याच खात्यावर चालू असेल, तर इथलं स्किल त्यात सापडत नाही आणि दोष कॅमेऱ्याला जातो. स्किल नसेलच, तर दारावर एक वायफाय कॅमेरा वेगळा लावा आणि बाकीचा सेट आहे तसा राहू द्या. खोक्यावर ‘वर्क्स विथ ॲलेक्सा’ छापलंय एवढ्यावर पैसे देऊ नका. दुकानातल्या दुकानात, तेच मॉडेल, डिस्प्लेवर चालवून दाखवायला सांगा. बल्बसारखा नुसता चालू-बंद होणारा कॅमेराही ‘ॲलेक्साला चालणारा’ म्हणून खपवतात.

प्रश्न : कॅमेरे बसवणाऱ्याने त्याच्याच मोबाइलवरून खातं उघडून आम्हाला ‘शेअर’ केलं होतं. आता ॲलेक्साला जोडताना लॉगिन मागतंय आणि तो फोन उचलत नाही. भाचा म्हणतो, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून काम होईल. करू का? (पाथर्डी फाटा)

उत्तर : नका करू. भाच्याला आधी थांबवा आणि मग पुढचं वाचा.

तुमचा खरा प्रश्न डिस्प्लेचा नाहीच. तुमच्या दाराचं, जिन्याचं, कदाचित हॉलचंही चित्र एका परक्या माणसाच्या खात्यावर आहे. अनेक ॲपमध्ये ‘शेअर’ झालेला कॅमेरा ॲलेक्साला जोडताच येत नाही, मूळ खातंच लागतं, म्हणून हे आज उघडकीला आलं. डिस्प्ले घेतला नसता तर कळलंही नसतं. घर बांधून झाल्यावर गवंड्याकडे आपण किल्ली ठेवत नाही. मग कॅमेरेवाल्याकडे पासवर्ड का ठेवतो? नाशकात नवीन सोसायट्यांमधून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हा प्रकार सतत दिसतो. त्यातले बरेच बसवणारे वाईट हेतूने करतात असं नाही. त्यांना पुढच्या दुरुस्तीला सोपं जातं म्हणून करतात. पण त्यांचा फोन हरवला, त्यांचा कामगार सोडून गेला, की तुमचं घर कोणाच्या हातात गेलं हे त्यांनाही सांगता येत नाही.

पासवर्डबद्दलही तेच. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटमधल्या एका प्रसूती रुग्णालयातल्या महिलांच्या तपासणीची दृश्यं टेलिग्रामवर विकली जात असल्याचं उघड झालं. तपासात निघालं काय, तर ‘ॲडमिन१२३’ छापाचा पासवर्ड. त्याआधी २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने (हॅक केलेल्या उपकरणांच्या जाळ्याने) जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. आणि भाच्याचं पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे असा डीव्हीआर थेट इंटरनेटच्या चव्हाट्यावर मांडणं. गंमत म्हणजे पुष्कळ फायबर कनेक्शनवर ग्राहकाला स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळतच नाही. एकच आयपी अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे ही युक्ती चालतही नाही. चालली तर धोका, नाही चालली तर वेळ वाया. शिवाय ॲलेक्साला चित्र कंपनीच्या स्किलमधूनच हवं असतं. तुमच्या राउटरचं उघडं पोर्ट तिला कशाला लागतंय?

आता करायचं काय? बसवणाऱ्याला लेखी मेसेज पाठवा: ‘डिव्हाइस तुमच्या खात्यातून काढून टाका.’ एक डिव्हाइस एकाच मूळ खात्याला बांधलेलं राहतं, त्याने सोडल्याशिवाय ते सहसा तुमच्या खात्यात येत नाही. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर वाट बघू नका. बिल आणि डीव्हीआरवरचा सिरियल नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडे जा, ते मालकी तपासून खातं सोडवून देतात. बिल नसेल तर अवघड आहे, पण तरी जा. मग घरासाठी एक नवा ई-मेल उघडा, त्यावर खातं काढा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. डीव्हीआरचा ‘ॲडमिन’ पासवर्ड बदला, युजरच्या यादीत अनोळखी नाव दिसलं तर काढून टाका, फर्मवेअर (डीव्हीआरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या. डिस्प्लेची जोडणी त्यानंतर. आधी नाही. जोडणी झाली की ॲलेक्साकडे कायमची परवानगी जाते, आणि चुकीच्या खात्यावरून दिलेली परवानगी लोक काढायला विसरतात.

हे सगळं केलं तरी एक गोष्ट उरतेच. जानेवारी २०२० मध्ये एका नेस्ट हबवर शाओमीच्या कॅमेऱ्यातून परक्या घरांची चित्रं दिसली. त्यात झोपलेलं बाळही होतं. चूक कंपनीच्या सर्व्हरवरच्या एका बदलाची होती, घरमालकाची नव्हे, आणि गूगलने शाओमीची जोडणी तेव्हा काही काळ बंदच केली. म्हणून माझा आग्रह असतो की बेडरूममध्ये कॅमेरा नको आणि डिस्प्लेवर तर नकोच. कोणी कितीही समजावलं तरी नको.

प्रश्न : आईवडील जुन्या नाशकात वाड्यात राहतात, मी पुण्यात. त्यांच्या माजघरातला कॅमेरा माझ्या पुण्याच्या डिस्प्लेवर दिसेल का?

उत्तर : दिसेल. कॅमेऱ्याचं खातं तुमच्या डिस्प्लेला जोडलं की झालं, शहराचा प्रश्न येत नाही. वाड्यातल्या अपलोडचा, म्हणजे तिथून चित्र बाहेर पाठवण्याच्या वेगाचा, येतो. चांगल्या चित्राला २ ते ४ एमबीपीएस अपलोड धरा. वाड्याच्या जाड भिंतींतून वायफाय धड जात नाही, तेव्हा राउटर दिवाणखान्यात आणि कॅमेरा माजघरात असेल तर नेटवर्क केबल टाका. दोन रिपीटर घेण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. राउटर इन्व्हर्टरवर आहे का तेही बघा, नाहीतर वीज गेली की तुम्ही पुण्यात घाबरणार.

आईवडिलांना विचारलंत का? प्रश्नात तसं दिसलं नाही, म्हणून विचारतो. त्यांना नको असेल तर विषय तिथेच संपतो. आणि पडण्याची भीती असेल तर कॅमेऱ्यावर भिस्त ठेवू नका. तुम्ही चोवीस तास डिस्प्लेकडे बघत बसणार नाही. त्यांच्या डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : दिंडोरीला द्राक्षबागेत सोलरवरचा सिम कॅमेरा लावला आहे. मखमलाबादच्या घरी डिस्प्लेवर दिवसभर बाग दिसावी. (मखमलाबाद)

उत्तर : दिवसभर नाही. सोलर-बॅटरीचा कॅमेरा एरवी झोपलेला असतो, हालचाल झाली की जागा होतो. सतत चालू ठेवलात तर पावसाळी हवेत बॅटरी लवकरच मान टाकेल. डेटाचा हिशोबही करा: १ एमबीपीएसचं चित्र तासाला साधारण ४५० एमबी खातं. रोजच्या २ जीबीच्या पॅकमध्ये साडेचार तासही निघत नाहीत. डिस्प्लेवर हवं तेव्हा एखादं मिनिट बघा, बाकी मोबाइलवर सूचना येऊ द्या. तुमचा कॅमेरा डिस्प्लेला चालतो का, हे मॉडेल कळवलंत तर सांगेन. सिमवर चालणारे बरेच कॅमेरे त्याला जोडलेच जात नाहीत.

प्रश्न : २०२७ च्या सिंहस्थासाठी वरच्या दोन खोल्या भाविकांना द्यायच्या आहेत. खोल्यांत आणि जिन्यात कॅमेरे लावून खालच्या डिस्प्लेवर लक्ष ठेवता येईल ना? (पंचवटी)

उत्तर : जिन्यात लावा, समोर ठळक पाटी लावा. खोलीत नाही.

कोणाचं खाजगी अंग संमतीशिवाय टिपणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘सुरक्षेसाठी लावला होता’ हे उत्तर कोर्टात किती चालेल, ते वकिलाला विचारा, मला नको. खोलीत सोय म्हणून इको शो ठेवणार असाल तर त्यालाही कॅमेरा असतो हे विसरू नका. ठेवूच नका. आणि खालचा डिस्प्ले हॉलमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या समोर नको. त्याच्यापुढे उभं राहून ‘जिना दाखव’ म्हणणारा माणूस घरचा की पाहुणा, हे त्याला कळत नाही. दोघांनाही दाखवतो.

प्रश्न : बेल वाजली की डिस्प्ले आपोआप चालू होईल का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : काही डोअरबेलना होतो, काही नुसतं ‘दारात कोणीतरी आहे’ एवढंच सांगतात. घेण्याआधी तेच मॉडेल चालवून बघा. चित्र दोन-चार सेकंद मागे असतं, तेव्हा दार उघडायच्या आधी आवाज द्या.

प्रश्न : डिस्प्लेवर गेटचं चित्र लावून ठेवलं की काही वेळाने आपोआप बंद होतं. रात्रभर चालू ठेवायचं आहे. (अंबड)

उत्तर : ते त्यासाठी बनवलेलंच नाही. डीव्हीआरच्या मागे एचडीएमआयचं पोर्ट आहे, माळ्यावर पडलेला जुना टीव्ही त्याला जोडा. इंटरनेट गेलं तरी चित्र राहील. केबल पंधरा मीटरच्या पुढे न्यायची असेल तर मात्र विकत घेण्याआधी विचारा, साधी केबल तेवढ्या लांबीवर दगा देते.