आईला ‘जमतं’ असं कुणी लिहिलं?

प्रिय बाळा,

आईला घरी किती मदत लागते याचं काउन्सिलने (स्थानिक सरकारी संस्थेने) जे असेसमेंट, म्हणजे तपासणी केली, त्या रिपोर्टचे तू पाठवलेले फोटो मी दोनदा वाचले. काल रात्री एकदा आणि आज सकाळी चष्मा पुसून पुन्हा. ‘मुलगी सोबत राहते, त्यामुळे गरजा भागतात’ हे वाक्य त्यात तीन ठिकाणी आहे. अंघोळीखाली, जेवणाखाली आणि संडासला नेण्याखाली. फोनवर तू म्हणालीस, ‘मावशी, मी आईला सांभाळते म्हणूनच तिला मदत नाकारली, मग मी चूक केली का?’ तू काहीही चूक केलेली नाहीस. चूक त्या वाक्यात आहे, आणि तुझी तक्रार त्याच वाक्यावर उभी करायची आहे.

इंग्लंडमध्ये या सगळ्याचा पाया म्हणजे २०१४ चा केअर ॲक्ट. तो एप्रिल २०१५ पासून लागू झाला. त्याखालचे सरकारी मार्गदर्शन स्पष्ट सांगते की माणसाची गरज मोजताना घरातलं कुणी मदत करतंय की नाही, हे बघायचंच नाही. तू नाहीस असं धरून आईला काय जमतं ते लिहायचं. तुझा विषय येतो नंतर, काय मदत द्यायची याचा प्लॅन ठरवताना. तेव्हा तू जे करायला तयार आहेस आणि जे तुला झेपतं, तेवढंच वजा करायचं. तयारी आणि झेपणं, दोन्ही हवं. तुझ्या रिपोर्टमध्ये तुला हे कुणी विचारल्याची एक ओळही नाही.

नियमांत दहा गोष्टी आहेत: खाणंपिणं, अंघोळ, संडास-लघवी, कपडे, घरात सुरक्षित वावरणं, घर राहण्याजोगं ठेवणं, नातीगोती टिकवणं, बाहेरच्या सोयी वापरणं वगैरे. आजारपणामुळे यातल्या दोन जमत नसतील आणि त्याचा जगण्यावर मोठा परिणाम होत असेल, तर माणूस पात्र ठरतो. आईचा उजवा हात स्ट्रोकनंतर उचलला जात नाही. तूच मोजून बघ, किती भरतात.

पण ‘जमत नाही’ म्हणजे काय, इथे आपली माणसं फसतात. मीही फसले होते, म्हणून तुला सांगते.

माझ्या सासऱ्यांना, दादांना, पार्किन्सन्स होता. असेसमेंटसाठी बाई आल्या सकाळी अकराला, म्हणजे गोळी घेऊन तासभर झाल्यावर. दिवसातला सगळ्यात चांगला तास तोच. दादांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस विंचरले होते. पाहुणी आली म्हणून ते स्वतः उठले आणि चहा केला. किटली दोन्ही हातांनी धरली, थोडं पाणी ओट्यावर सांडलं, ते त्यांनी बाहीने पुसलं आणि कप पुढे केला. मला इतका अभिमान वाटला की मी गप्प बसले. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला: गरम पेय स्वतः करतात, मदतीची गरज नाही. त्या कपाला किती वेळ लागला हे त्यात नव्हतं. आदल्या आठवड्यात याच किटलीने त्यांचं मनगट भाजलं होतं, तेही नव्हतं. पहाटे चारला ते कमोडवरून उठू शकायचे नाहीत आणि मला हाका मारायचे, हे तर कुणी विचारलंच नाही. सांगायचं काम माझं होतं, पण सासऱ्यांसमोर ते बोलायला माझी जीभ रेटली नाही.

नंतर मी नियम वाचले तेव्हा कळलं की एखादी गोष्ट करताना खूप दुखत असेल, जिवाला धोका असेल किंवा इतरांपेक्षा फार जास्त वेळ लागत असेल, तरी कायद्याच्या भाषेत ती ‘जमत नाही’ यातच धरतात. दादांच्या चहात यातल्या दोन गोष्टी होत्या. तक्रारीत मी एवढंच लिहिलं, भाजल्याची तारीख दिली आणि जीपीची (फॅमिली डॉक्टरची) नोंद जोडली. असेसमेंट पुन्हा झालं, त्या वेळी संध्याकाळी.

तुझ्या आईचं असेसमेंट फोनवर झालं आणि दुभाषी तूच होतीस, ही दुसरी मोठी गोष्ट. कुठली आई लेकीच्या तोंडून परक्या माणसाला सांगेल की रात्री अंथरुण ओलं होतं? ती ‘जमतं की’ म्हणाली आणि तू त्याचं इंग्रजी केलंस. तक्रारीत मराठी दुभाषी माग. घरच्यांवर दुभाष्याचं काम टाकायला नको होतं, हे लिही. आणि पुढचं असेसमेंट घरी येऊन, प्रत्यक्ष बघून व्हावं असंही लिही. स्ट्रोकनंतर आईला प्रश्न समजायला वेळ लागतो, असं तू म्हणालीस. तिच्या बाजूने बोलायला दुसरं कुणी योग्य माणूस नसेल, तर स्वतंत्र ॲडव्होकेट (वकील नव्हे, तिचं म्हणणं मांडणारा माणूस) देणं ही काउन्सिलची जबाबदारी आहे. तू आहेस म्हणून ते टाळतील. तेव्हा तू थकलीयस आणि काही गोष्टी आई तुझ्यासमोर बोलत नाही, हे स्पष्ट सांग.

आजपासून एक वही कर. छान-छान लिहायचं नाही. ‘मंगळवार, पहाटे ३.१०, बाथरूममध्ये तोल गेला, मी धरलं, १५ मिनिटं लागली.’ एवढंच. दोन आठवड्यांची अशी वही तक्रारीच्या दहा पानांना भारी पडते. सोबत काउन्सिलकडे आईची संपूर्ण फाइल माग. ती मागणं हा डेटा संरक्षणाचा हक्क आहे, सहसा महिन्याभरात द्यावी लागते आणि पैसे पडत नाहीत. फोनवर काय बोलणं झालं याची त्यांची नोंद त्यात सापडेल, आणि तिथेच बहुतेक वेळा गोष्ट उघडी पडते.

पत्र आईच्या नावाने जाऊ दे. तुला बोलण्याचा अधिकार देणाऱ्या चार ओळींखाली तिची सही घे, डाव्या हाताची वाकडीतिकडी चालेल. असेसमेंट करणाऱ्या सोशल वर्करबद्दल राग लिहू नकोस. तिच्याकडे किती माणसांच्या फायली असतील हे मला ठाऊक आहे, आणि रागाचं पत्र वाचणारा फक्त राग वाचतो. तीन गोष्टी लिही: रिपोर्टमध्ये काय म्हटलंय, प्रत्यक्षात काय घडतं, आणि तुला काय हवंय. ‘न्याय हवा’ असं नको. ‘नव्याने असेसमेंट, दुभाषी, आणि तोवर सकाळच्या अंघोळीसाठी मदत’ असं हवं. असेसमेंट पूर्ण व्हायच्या आधीही तातडीची मदत देण्याचा अधिकार त्यांना कायद्याने दिलाय, तो वापरायला सांग. निर्णयाची कारणं लेखी माग. ‘बजेट नाही’ असं कुणी तोंडी म्हणालं, तर नाव, तारीख, वेळ लिहून ठेव. पात्र माणसाची गरज कशी भागवायची हे ठरवताना ते खर्च बघू शकतात, पण पैसे नाहीत म्हणून गरजच नाकारता येत नाही.

त्यांनी पहिल्याच फोनवर आईची बचत विचारली, तेही मला खटकलं. मदतीचा खर्च कोण करणार हे ठरवताना २३,२५० पौंडांच्या बचतीची मर्यादा बघतात, पण ते नंतरचं. बचत कितीही असली तरी असेसमेंट नाकारता येत नाही.

गोष्ट घडल्यापासून १२ महिन्यांत तक्रार करायची. कामाच्या तीन दिवसांत ती मिळाल्याचं त्यांनी कळवायला हवं, आणि सहा महिन्यांत उत्तर नाही आलं तर उशिराचं कारण द्यायला हवं. तू मात्र सहा महिने थांबू नकोस, दर पंधरा दिवसांनी ईमेल कर. उत्तर पटलं नाही तर ओम्बुड्समनकडे, म्हणजे काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे जायचं. फुकट आहे, वकील लागत नाही. आई पात्र आहे की नाही हे ते स्वतः ठरवत नाहीत. निर्णयापर्यंत काउन्सिल कुठल्या वाटेने आली ते तपासतात, आणि वाट चुकली असेल तर माफी, नवं असेसमेंट, कधी पैशाची भरपाई सुचवतात. काउन्सिल्स ते जवळपास नेहमी मानतात. त्यांचे जुने निकाल नावं काढून वेबसाइटवर ठेवलेले आहेत. ‘मुलगी आहे म्हणून’ अशा तऱ्हेचे दोन-तीन शोधून वाच, तुझ्या पत्राला भाषा मिळेल. आईच्या जिवाला धोका वाटला तर मात्र या रांगेत थांबू नकोस, कम्युनिटी केअरची, म्हणजे अशा मदतीची प्रकरणं बघणारा सॉलिसिटर (वकील) गाठ. कोर्टाच्या वाटेची मुदत जेमतेम तीन महिन्यांची असते.

आणि बाळा, तुझं असेसमेंट? काळजी घेणाऱ्याचं वेगळं असेसमेंट त्याच कायद्यात आहे. तू नोकरी तीन दिवसांवर आणलीस, मार्चपासून एकदाही मैत्रिणींकडे गेली नाहीस, हे तू मला सहज बोलता बोलता सांगितलंस. तिथे सहज सांगू नकोस. तू रात्रीची किती वेळा उठतेस, ते वहीत तुझ्या नावाने वेगळं लिही. ‘आईसाठी करतेय, त्यात काय’ हे वाक्य तू माझ्यासमोर म्हण, त्यांच्यासमोर नको.

गुरुवारी मी दिवसभर घरी आहे. वही, रिपोर्ट आणि जीपीची पत्रं घेऊन ये, आपण मसुदा करू. आईला एकटं ठेवायचं नसेल तर तिलाही आण. पायरीपाशी दादांची लाकडी फळी अजून आहे, व्हीलचेअर आत येते.

तुझी,
मावशी