चिअरच्या संघात नाव घालण्याआधी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अमेरिकेतल्या ऑल-स्टार चिअरचा, म्हणजे स्पर्धांसाठीच्या चिअरलीडिंगचा, हंगाम मेच्या सुमारास सुरू होतो आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिल-मेपर्यंत चालतो. निवडचाचण्या तोंडावर आल्या की पत्रं वाढतात, आणि ती फक्त न्यू जर्सी-टेक्सासमधून येत नाहीत; आजी-आजोबाही लिहितात. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

आमची नात टेक्सासला असते, नऊ वर्षांची आहे. सूनबाईंनी तिला चिअरलीडिंगला घातलंय. आयपीएलमध्ये चौकार मारला की नाचतात तेच ना हे? व्हिडिओत तर पोरीला उचलून वर उभं केलेलं दिसलं. माझ्या तर पोटात गोळा आला. — एक आजी, पुणे

आजी, आयपीएलशी नातं नावापुरतंच. मुळात हा प्रकार मैदानाच्या कडेला उभं राहून आपल्या संघासाठी घोषणा देण्याचा. १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्बेल नावाच्या विद्यार्थ्याने प्रेक्षकांकडून घोषणा वदवून घेतल्या, तिथून त्याची सुरुवात धरतात. शाळांचे संघ अजूनही तेच करतात. नात जाते ते बहुधा ऑल-स्टार. तिथे दुसऱ्या कुणासाठी ओरडायचं नसतं, संघ स्वतःच स्पर्धेत उतरतो. ५४ फूट रुंद, ४२ फूट खोल मॅट आणि जास्तीत जास्त अडीच मिनिटं. त्यात कोलांट्या, उड्या, मनोरे आणि नाच, सगळं बसवायचं.

दहीहंडी आठवणं साहजिक आहे, पण इथला हिशेब वेगळा. लहान वयोगटात मनोरा दोन माणसांच्या उंचीचाच: खालच्या पोरी जमिनीवर, वरची त्यांच्या हातांवर. तिसरा थर नाही. शिवाय संघ कोणत्या लेव्हलचा आहे त्यावर काय करायचं आणि काय नाही हे ठरलेलं असतं. लेव्हल १ मध्ये दोन पायांवर उभं राहणं खांद्याच्या उंचीपर्यंत, आणि मागे सांभाळायला एक जण हवीच. हवेत फेकणं त्या लेव्हलला नाहीच.

धोका नाही असं मात्र आम्ही सांगणार नाही. सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे डोक्याला मार, आणि तो कोलांट्यांपेक्षा उचलाउचलीत जास्त लागतो. वरून पडणाऱ्या मुलीचं कोपर खालच्या मुलीच्या कपाळावर बसतं, म्हणजे खालचीही सुरक्षित नसते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये सांगितलेल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. कडक, ओल्या किंवा उंचसखल जागेवर मनोरे करायचे नाहीत. आणि डोक्याला लागल्याची शंका आली तरी त्या क्षणी खेळ बंद. डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्याशिवाय परत मॅटवर नाही. सूनबाईंना विचारायचंच असेल तर हे विचारा: जिममध्ये, म्हणजे संघ चालवणाऱ्या संस्थेत, हा दुसरा नियम पाळतात का?

मुलगी नऊ वर्षांची, चार वर्षं भरतनाट्यम शिकते. कार्टव्हील (हातांवरून चाकासारखं आडवं फिरणं) चांगली येते, बॅक हँडस्प्रिंग (मागे झेपावून हातांवरून पायांवर येणं) अर्धवट. चाचणीला दोन आठवडे आहेत. तेवढ्यात हँडस्प्रिंग बसवून घ्यावी का? — न्यू जर्सी

नको. चाचणीत हमखास होणारी चूक हीच. अर्धवट हँडस्प्रिंगमध्ये मुलगी मागे बसण्याऐवजी वर उडी मारते, कोपर वाकतं आणि डोकं मॅटला लागतं. परीक्षकाच्या वहीत मात्र ‘स्वतःला येत नाही ते करते’ अशी नोंद होते, आणि ती कमी गुणांपेक्षा वाईट. लेव्हल १ ला मुळात हँडस्प्रिंग लागतच नाही. कार्टव्हील, राउंड-ऑफ (पाय जुळवून संपवलेली कार्टव्हील), बॅक वॉकओव्हर (मागे कमान करून हातांवरून एकेक पाय नेणं), पुढची-मागची कोलांटी एवढ्यावर तो संघ उभा राहतो. राउंड-ऑफमध्ये पाय हवेत जुळलेले, गुडघे सरळ, आणि उतरल्यावर पाऊल न सरकता उभं राहणं, एवढं दोन आठवड्यांत साधतं.

भरतनाट्यमचा फायदा ताल आणि चेहरा यांत दिसेल. अडचण दोन जागी येते. एक, गुडघे सवयीने अरमंडीत, म्हणजे बाहेर वळलेल्या अर्ध्या बैठकीत, जातात. इथे उडी मारून उतरताना पाय जुळलेले हवेत. दुसरी, मनगट. हाय व्ही किंवा टी (त्या इंग्रजी अक्षरांसारखे हात पसरणं) करताना खांद्यापासून मुठीपर्यंत एक सरळ रेघ हवी. मनगट जरा मोडलं तरी कोचच्या नजरेत पहिलं तेच भरतं. आरशासमोर रोज दहा मिनिटं हातांच्या या स्थिती करायला लावा, प्रत्येक स्थिती आठ मोजेपर्यंत धरून. टो-टच उडीचे (हवेत पाय दोन्ही बाजूंना फाकवून मारलेल्या उडीचे) पाच-पाचचे तीन संच, आधी अंग गरम करून. चाचणीच्या दिवशी केस घट्ट बांधलेले, अंगाबरोबरचे कपडे, कानात काही नाही.

संघात निवड झाली, पण सही करायला दिलेला करार वाचून धडकी भरली. उन्हाळ्यात भारतात जायचंय, आणि माझ्या धाकट्या भावाचं लग्न डिसेंबरात आहे. नऊ वर्षांच्या पोरांच्या खेळाला हजेरीचे इतके कडक नियम कशाला? — फ्रिस्को, टेक्सास

कारण स्टंट ग्रुप, म्हणजे एकीला उचलून धरणारा गट, चौघींचा असतो. खालून उचलणाऱ्या दोन बेस, मागे सांभाळणारी बॅकस्पॉट, वर उभी राहणारी फ्लायर. एक आली नाही की उरलेल्या तिघी तो वेळ बसून काढतात, आणि पिरॅमिडमध्ये त्यांच्या फ्लायरने शेजारच्या फ्लायरचा हात धरायचा असेल तर तो ग्रुपही अडतो. क्रिकेटसारखा बारावा खेळाडू आत पाठवून भागत नाही. बदली मुलीची उंची वेगळी, पकड वेगळी. ‘पाच-सहा-सात-आठ’च्या मोजणीत बॅकस्पॉटने घोटे नेमके कधी वर ओढायचे हे त्या चौघींच्या अंगवळणी पडलेलं असतं. एक बेस अर्धा ताल उशिरा ताठ झाली तरी वरचीचा एक पाय खाली राहतो, ती कमरेत वाकते आणि सगळं कोसळतं. करारातलं प्रत्येक जाचक कलम या चौघींच्या हिशेबातून आलं आहे असं धरून वाचा, बरंच उलगडतं.

आता सुट्टीचं. कलमांचे शब्द जिमगणिक वेगळे असले तरी वर्षाचा साचा साधारण सारखा. जून-जुलैमधली गैरहजेरी आधी लेखी कळवली तर बहुतेक ठिकाणी चालते. कोरिओग्राफीचे दोन-तीन दिवस, जे जुलै ते सप्टेंबरच्या मध्ये कधीतरी येतात, ते चुकवता येत नाहीत. त्या दिवशी नसलेल्या मुलीला जागाच ठरत नाही. शाळा सुरू झाल्यावर गैरहजेरी मोजली जाते. स्पर्धेच्या आधीचे एक-दोन आठवडे पूर्ण बंद, तिथे वाढदिवस नाही की मंडळाचा कार्यक्रम नाही. गुण असलेला शाळेचा कार्यक्रम आणि दुसऱ्याला लागण होईल असं आजारपण, एवढ्यालाच सहसा सूट. पाय मुरगळला असेल तरी येऊन बाजूला बसायचं, कारण बदललेल्या जागा आणि मोजणी बघून कळतात.

म्हणून भारताची तिकिटं काढण्याआधी कोरिओग्राफीची तारीख विचारा. ‘अजून ठरली नाही’ असं उत्तर आलं तर कोणते आठवडे मोकळे सोडायचे ते ई-मेलवर लिहून मागा. गणपतीत मंडळाच्या नाटकात मुलीचं काम असेल तर त्या तालमींचे शनिवारही आत्ताच कॅलेंडरवर घाला.

डिसेंबरच्या लग्नावर आमचं मत स्पष्ट आहे. स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होतात. भावाच्या लग्नाला तीन आठवडे जायचं पक्कं असेल तर यंदा पूर्ण हंगामाचा संघ घेऊ नका. प्रेप संघाची चौकशी करा: सराव कमी, स्पर्धा थोड्या आणि जवळपासच्या. काही जिममध्ये अर्ध्या हंगामाचा संघही असतो. लग्नाचं लपवून सही केली आणि ऐनवेळी सांगितलं, तर मुलगी वर्षभर इतर तिघींच्या नजरेत राहते. आणि मध्येच सोडायचं झालं तर काय, ते कलम दोनदा वाचा. कोरिओग्राफी झाल्यावर सोडणाऱ्यांकडून ठरावीक रक्कम घेतली जाते, आणि ती बहुतेकदा जिमकडे नोंदवून ठेवलेल्या क्रेडिट कार्डावरूनच कापतात.

मुलीला बॅक टक (हात न टेकता हवेत मागे मारलेली कोलांटी) येते, तरी तिला लेव्हल २ मध्ये टाकलं. तिथे ती टक करूच शकत नाही म्हणतात. हा अन्याय नाही का? — नेपरव्हिल, इलिनॉय

करू शकत नाही हे खरं. लेव्हल २ मध्ये हवेतली कोलांटी बसत नाही, हँडस्प्रिंगपर्यंतच. धावत टक येते ती लेव्हल ३ ला, जागच्या जागी टक लेव्हल ४ ला. पण लेव्हल एका मुलीची नसते, संघाची असते. गुण देताना संघातल्या किती जणी ते कौशल्य एकदम आणि स्वच्छ करतात हे मोजलं जातं. विसातल्या तिघींनाच टक येत असेल तर लेव्हल ३ च्या त्या रकान्यात फारसे गुण पडत नाहीत. टंबलिंगबरोबर (कोलांट्यांबरोबर) उचलाउचलीलाही गुण असतात, आणि एका पायावरचा, हात पूर्ण वर ताणून धरलेला स्टंट लेव्हल ३ लाच येतो. तुमच्या मुलीने तसा स्टंट आजवर धरला आहे का? नसेल तर कोचने बरोबर केलं. टक विसरू नये म्हणून आठवड्यातून एक तास वेगळा टंबलिंगचा वर्ग ठेवा. आणि वयोगट जन्मवर्षावरून ठरतो, तक्ता हंगामागणिक बदलू शकतो. तो चालू वर्षाचाच बघा.

मासिक फी परवडते. आणखी काय लागतं? — बऱ्याच जणांचा प्रश्न

मासिक फी हा खर्चाचा एक तुकडा. त्यापलीकडे नोंदणी, गणवेश, सरावाचे कपडे, बूट, केसांचा बो, कोरिओग्राफी आणि संगीत, प्रत्येक स्पर्धेची प्रवेशफी, कोचच्या प्रवासातला वाटा, आणि स्वतःच्या मुलीला बघायला आई-बाबांनी काढायची तिकिटं. या शेवटच्या बाबीवर लोक सगळ्यात जास्त चिडतात. काही मोठ्या स्पर्धांना हॉटेलही आयोजकांनी ठरवलेल्या यादीतूनच घ्यावं लागतं. सही करण्यापूर्वी हे सगळं एका कागदावर, महिन्यांच्या रकान्यात लिहून मागा. गणवेश दरवर्षी बदलतो की दोन-तीन वर्षं चालतो, तेही.

एक शब्द समजून घ्या: बिड. चांगली कामगिरी झाली की ओर्लांडोतल्या ‘समिट’सारख्या हंगामअखेरच्या स्पर्धेचं आमंत्रण मिळतं. ‘पेड बिड’मध्ये खर्चाचा भार आयोजक उचलतात, ‘ॲट-लार्ज’ म्हणजे जाण्याचा हक्क मिळाला, पैसे तुमचे. जिममध्ये जल्लोष दोन्हीला सारखाच होतो, घरी आल्यावर फरक कळतो. आमंत्रण आलं तर जाणं बंधनकारक आहे का, हे करारात शोधा.

तिच्या आजीची इच्छा आहे की या सुट्टीत भारतात नाक टोचून घ्यावं. चमकी राहू दिली तर चालेल? वर टेप लावली तर? — एडिसन

चालणार नाही, आणि टेप लावूनही नाही. नियमात तसं स्पष्टच आहे. कानातलं, चमकी, प्लास्टिकची पारदर्शक काडी, गळ्यातलं, बांगडी, सगळं काढायचं. आजारपणाची माहिती देणारी पट्टी तेवढी अपवाद. मनगटावरचा दोरा किंवा राखीही काढून पिशवीत ठेवा: फ्लायर खाली येताना बोटं कुठेही अडकतात. कान टोचल्यावर साधारण सहा आठवडे तरी काढता येत नाही, नाकाला काही महिने लागतात. त्यामुळे कान टोचायचे तर हंगाम संपल्या संपल्या, आणि नाक? आजींना थोडं थांबायला सांगा. नखं बोटाच्या टोकाबाहेर नकोत, मॅटवर च्युइंगगम नको.

मुलगा आहे. घेतात? — सॅन होजे

घेतात. गणवेशात पँट. बेस आणि टंबलिंगला मुलं चटकन जमतात.

कोच मुलीला थेट मेसेज करतात, आणि सराव बघू देत नाहीत. हे ठीक आहे? — ॲटलांटा

दोन वेगळ्या गोष्टी. पालकांना सरावात न बसू देणं सर्रास चालतं. मुलगी स्टंटवर असताना काचेकडे बघून हात हलवते आणि तेवढ्यात तोल जातो. पण तिथे कॅमेरा किंवा खिडकी असावी. मेसेजचं मात्र ठीक नाही. मोठ्या माणसाने मुलाशी एकट्याने बोलायचं तर ते दुसऱ्याला दिसेल आणि मध्ये जाता येईल अशा जागी, आणि मेसेजमध्ये पालक किंवा दुसरा प्रौढ सामील. जिमला पत्र लिहा, कोचला नाही. मुलीची जागा बदलली म्हणून राग आला असेल तर मात्र २४ तास थांबा. बहुतेक जिमचा तसा नियमच असतो, आणि तो चांगला आहे.

तिला फ्लायरच व्हायचंय. वजनाने हलकी आहे, तरी बेसला उभी करतात. — शार्लट

हलकेपणा हा निकषांतला शेवटचा. वरच्या मुलीने पोटरीपासून पोटापर्यंत अंग दगडासारखं आवळून धरलं तर ती आहे त्याहून हलकी लागते; ढिली सोडली तर तीस किलोची मुलगी पोत्यासारखी जड होते. गुडघा वाकू न देणं, खाली न बघणं, आणि घसरल्यावर बेसचे केस न पकडता हात अंगाशी ठेवणं, हे बघतात. घरी गालिच्यावर एका पायावर उभं करा, दुसरी टाच हातात वर धरून, आठ-आठचे चार ताल, दोन्ही पायांवर. डगमगली की मोजणी पुन्हा एकपासून. सोफ्यावर चढवून दादाला मात्र बेस करायला लावू नका. उचलायचं ते जिममध्येच, कोच समोर असताना.