बंद कारखान्याची जागा आणि माती तपासायचा खर्च

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या गावात (जळगाव जिल्हा) नाल्याकाठी सूत रंगवायचा कारखाना होता, कधीचा बंद पडलाय, मालकाची मुलं पुण्याला. आता तिथं प्लॉट पाडणार म्हणतात. शेजारच्या बोअरचं पाणी आजही कोणी पीत नाही. आम्ही विचारलं तर एजंट म्हणे सॉईल टेस्ट झालीय, रिपोर्टपण दाखवला. माझा भाचा अमेरिकेत असतो, तो सांगतो तिकडं अशा जागा तपासायला सरकार पैसे देतं. आपल्याकडं काही आहे का, का आम्हीच वर्गणी काढायची?

उत्तर : भाऊ, वर्गणीचं राहू द्या सध्या. आधी एजंटचा तो रिपोर्ट नीट वाचा. त्यात एसबीसी, टन प्रति चौरस मीटर असलं काही असेल तर जमीन बिल्डिंगचं वजन पेलेल का एवढंच बघितलंय, क्रोमियम-शिसं असले विषारी धातू कोणी बघितलेलेच नाहीत. कृषी खात्याचं माती परीक्षण दाखवलं तर तेपण इथं कामाचं नाही, त्यात नत्र-स्फुरद-पालाश, सामू असलं पिकापुरतंच असतं. रिपोर्ट खोटे नसतात हो, पण तुमचा प्रश्न वेगळाच आहे, आणि मला विचाराल तर विकणाऱ्याला ते चांगलं ठाऊक असतं.

भाच्याचं बरोबर आहे. तिकडं २००२ च्या कायद्याखाली त्यांची पर्यावरण संस्था, ईपीए, नगरपालिकांना आणि ना-नफा संस्थांना खास तपासणीसाठी वेगळं अनुदान देते, ज्यानं घाण केली त्याला मात्र ते मिळत नाही. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात या कार्यक्रमाला दीड अब्ज डॉलर दिले. तपासणीलाच पैसा का, तर मालकाला कळून घ्यायचंच नसतं, कळलं की भाव पडतो आणि सफाई गळ्यात पडते, मग जागा वर्षानुवर्षं तशीच पडून राहते.

आपल्याकडं जुलै २०२५ मध्ये केंद्रानं प्रदूषित जागांचे नियम काढले. त्यात नगरपालिका किंवा जिल्हा प्रशासनानं संशयित जागांची यादी करायची, मग राज्य प्रदूषण मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि पुढच्या ९० दिवसांत सविस्तर. खर्च ज्यानं घाण केली त्याचा, आणि तो सापडलाच नाही किंवा त्याची ऐपत नसेल तर केंद्र आणि राज्य मिळून करणार. म्हणजे कागदावर तरी तुमच्या खिशाला हात नाही. पण सगळं अडतं ते यादीत नाव येण्यावर, पैशाचं नंतर. नियम आले तेव्हा देशभरात अशा १०३ जागा ओळखलेल्या होत्या आणि सफाई सुरू होती फक्त ७ ठिकाणी, तेव्हा आपोआप कोणी येईल या भरवशावर राहू नका भो.

मुख्याधिकारी आणि जिल्हाधिकारी दोघांना अर्ज द्या, प्रत मंडळाच्या जळगाव कार्यालयाला, तिन्हीकडं पोच घ्या. ‘जागा घाण आहे’ एवढंच लिहून भागत नाही. अमेरिकेतसुद्धा पहिल्या टप्प्यात एक खड्डा खोदत नाहीत, जुने नकाशे, परवाने बघतात, जुन्या कामगारांना विचारतात. ते तुम्ही फुकटात करू शकता. रंगखात्यात काम केलेले कोणी म्हातारबाबा असतीलच, त्यांना विचारा, रंगाचं पाणी कुठं सोडायचे, बॉयलरची राख कुठं पडायची, फर्नेस ऑइलची टाकी जमिनीत होती का, काळ्या रंगाला डायक्रोमेट वापरायचे का. डायक्रोमेट म्हटलं की क्रोमियम आलंच. हाताने नकाशा काढून खुणा करा आणि अर्जाला जोडा, नाहीतर नमुना कंपाउंडच्या कोपऱ्यातून घेतील आणि सगळं स्वच्छ निघेल. आणखी एक, आपली काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगांतून थेट खाली जातं, म्हणून नुसती वरची माती खरवडून चालणार नाही, बोअरचं पाणीही तपासायला लावा, आणि ही मागणी अर्जातच लिहा.

प्रश्न : गावचा कचरा डेपो पण यात बसतो का? (धुळे जिल्ह्यातून)

उत्तर : नाही ताई, नुसता घनकचरा डेपो या नियमांत धरलेला नाही, त्याचा पैसा स्वच्छ भारतच्या खात्यातून येतो. पण त्या डेपोत कारखान्याचा घातक कचरा मिसळला असेल आणि मर्यादेच्या वर निघाला तर हेच नियम लागतात, त्यामुळे रात्री टँकर-ट्रक येत असतील तर तारीख-वेळेसकट फोटो काढून ठेवा.